अर्धा चोक

नाना गाडीपाशी उकिडवे बसले, टाकीखाली नाक नेलं आणि वास घेतला.

"रंग ताजा आहे," ते म्हणाले.

"आधी नारिंगी होती. डोळ्याला टोचायची," रणधीर म्हणाला. "काळी कशी घरंदाज दिसते."

"पडली होती?"

"काका, पडलेली गाडी मी तुम्हाला दाखवीन? हिला मी कुणाला हातसुद्धा लावू देत नाही."

नानांनी पुढच्या मडगार्डाची कड बोटानं चाचपली. तिथं रंगाचा थर जाड होता. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पँटला हात पुसत माझ्याकडे बघून त्यांनी एक भुवई वर केली. नाना माझे वडील. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एखादा शिकाऊ नापास होणार असं दिसलं, की ती भुवई वर जायची.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि सांगलीहून रोज मोटरसायकलनं जात-येत होते. माझी दीडशे सीसीची गाडी म्हातारी झाली होती. तिचा कार्ब्युरेटर तीनदा बदलूनही एक खोड गेली नव्हती. कुठलीही गाडी थंड असताना चोक मागते. ही गरम असली तरी मागायची. तोही अर्धा. चोकची खुंटी पुरी ओढली की घुसमटायची, नाही ओढली की मरायची. मेकॅनिकनं हात टेकले होते. मला साधीशी मोठी गाडी हवी होती. नाना म्हणाले, "बदलायचीच तर एकदाच बदल. जन्मभर पुरेल अशी घे." आणि कुणाकडून तरी त्यांनी या अमेरिकन गाडीची बातमी काढली होती. पुण्याचा कोणी रणधीर नावाचा मुलगा, उसातलं फार्महाऊस, फारशी न वापरलेली स्पोर्ट बाइक.

"तुमच्या मनात भरलीय, माझ्या नाही," मी वाटेत म्हटलं होतं.

"बघायला काय जातंय," नाना म्हणाले होते. "तरुणपणी एकदा मिरज स्टेशनाबाहेर एका गोऱ्याची पाहिली होती. चालू केली तर टांग्याची घोडी उधळली."

रणधीरनं राखणदाराला हाक मारली. सिदाप्पा नावाचा साठीचा माणूस, डोक्याला मफलर गुंडाळलेला. तो धावत चावी घेऊन आला. चावी जीपची होती. रणधीरनं ती पाहिली आणि तिथंच, आमच्यासमोर, त्याच्या थोबाडीत मारली. मफलर सुटून खांद्यावर आला. सिदाप्पा मफलर सावरत परत आत गेला.

"चावी चुकली तर दुसरी आणतील," नाना म्हणाले. "हात कशाला उचलायचा?"

"त्याला तीच भाषा कळते, काका."

"चल गं," नाना मला म्हणाले. त्यांनी हेल्मेट उचललंसुद्धा होतं. तेवढ्यात बरोबर चावी आली, रणधीरनं बटण दाबलं आणि गाडी चालू झाली.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. दोन ठोके, मग खंड, मग पुन्हा दोन ठोके, जसं काही लंगडं जनावर दौडत यावं. व्हरांड्यावरचे पत्रे थरथरायला लागले. नाना थांबले. हेल्मेट हातात धरून ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा माझ्या ओळखीचा राहिला नाही, कोवळा झाला.

"साखळी नाही हिला," ते माझ्या कानाशी ओरडले. "रबरी पट्टा आहे. तेल नको, ताण नको. आवाज मात्र लपायचा नाही हिचा. आंधळ्यालाही कळेल कोण आलं ते."

"फेरी मारून बघा," रणधीर म्हणाला. "कारखान्याच्या बाजूनं जा. फाट्याकडं नको, तिकडं रस्ता खराब आहे. आणि ताई बसतील इथं, तुमची गाडी पण असू दे. रिवाज असतोय."

"रिवाज मला सांगता?" नाना हसले. "मीही जुन्या गाड्या अशाच विकल्यात. माणूस ठेवून घेतल्याशिवाय चावी दिली नाही कधी." मग माझ्याकडे वळून, "पहिली फेरी माझी. पास झाली तर दुसरी तुमची, ताई."

गाडीचा विषय निघाला की ते मला ताई म्हणायचे. सोळाव्या वर्षी शिकवायला घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "हँडलला हात लागला की मी बाप नाही. मी मास्तर, तुम्ही शिकाऊ. बापाचं कुणी ऐकत नाही, मास्तरांचं ऐकतात." मग मैदानावर सगळ्यांच्या देखत, "ताई, क्लच सावकाश. ताई, मागं वळून बघू नका, आरशात बघा." घरी आल्यावर पुन्हा "काय गं, जेवलीस का?"

नाना गेटबाहेर पडले आणि कारखान्याकडे न वळता डावीकडे, फाट्याकडे वळले. मला आश्चर्य वाटलं नाही. चढावर उभी करून पुन्हा उचलल्याशिवाय ते कुठलंच वाहन पास करत नसत आणि त्या सपाट उसात चढ एकच होता, फाट्याजवळच्या पुलाचा.

रणधीर फोनवर बोलत आत गेला होता. सिदाप्पानं मला चहा आणून दिला. त्याच्या गालावर बोटं उठली होती.

"साहेब कुनीकडं गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

"पुलाकडे."

तो तसाच उभा राहिला. बशी त्याच्या हातात राहिली.

आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. उसावरून, ओढ्यावरून. पुलाच्या चढाला तो जड झाला, मंद झाला. नानांनी चढावर गाडी थांबवली असणार. मी मनात म्हटलं, आता उचलतील. आवाज वाढला नाही. एकदा उंच किंचाळल्यासारखा झाला आणि बंद पडला.

रणधीर बाहेर आला. "म्हातारा कुठल्या बाजूला गेलाय?"

मी सांगितलं. त्यानं शिवी दिली, आत जाऊन जीपची चावी आणि पिशवी घेतली. मी पायरीवर आडवी उभी राहिले. "काय झालंय? कुठं निघालात?" त्यानं माझा दंड धरला आणि मला बाजूला भिरकावलं. मी व्हरांड्याच्या खांबावर आपटले, ओठ फुटला. तोंडात रक्ताची चव आली तोवर जीप मागच्या पाणंदीनं गेलेली होती.

सिदाप्पानं मला उठवलं नाही. तो लांब उभा राहूनच बोलला, पण भराभर बोलला.

"फाट्यावरची पोरगी मारलीया ह्येनं, बाई. शाळंतनं येत हुती. थांबला न्हाई. तवा गाडी नारिंगी हुती, मागनं रंग दिला. नंबर कुनी बघितला न्हाई, पर आवाज सगळ्यांनी ऐकलाय. तिच्या वाडीची मानसं आवाजावर टपून हाईत."

माझी गाडी उन्हात उभी होती. मी ती कशी चालू केली, ते आठवत नाही. रस्ता आठवतो. दोन्ही बाजूंनी तोडीला आलेला ऊस आणि मधे मधे तोडलेल्या शेतातल्या पाचटाच्या राशी. समोर धूर दिसत होता. पाचट पेटवलं असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

पुलाच्या पायथ्याशी उसाची ट्रॉली आडवी लावली होती. तिच्या पलीकडे माणसं होती. तोंडं विरुद्ध दिशेला, पाठी माझ्याकडे. काळी गाडी आडवी पडली होती आणि दोघे जण एक मोठा धोंडा उचलून तिच्यावर टाकत होते, पुन्हा उचलत होते. टाकीतून पेट्रोल वाहून पेटलं होतं. तापलेला नवा रंग फुगून फुटत होता आणि त्याखालून नारिंगी दिसत होता.

मी ब्रेक दाबला. माझी गाडी बंद पडली.

ट्रॉलीच्या बाजूनं मला नाना दिसले. ते रस्त्यावर बसले होते, पाय पुढे पसरून, खेळायला बसलेल्या लहान मुलासारखे. हेल्मेट काढून फेकलेलं होतं. कपाळावरून रक्त येऊन एक डोळा मिटला होता. एक माणूस त्यांच्यासमोर उभा होता. मला त्याची पाठ आणि पांढरी टोपी दिसत होती.

"गाडी कुनाची?"

"माझी," नाना म्हणाले.

काठी बसली. खांद्यावर. आवाज असा आला, जशी ओली सतरंजी दगडावर आपटावी.

"कुठनं आनलीस?"

"पुण्याहून."

"सोबत कोन कोन हाय?"

"कुणी नाही. एकटा आलोय."

"माझ्या पोरीला उडीवलास तवा बी एकटाच हुतास?"

 मागून कोणीतरी नानांच्या पाठीत लाथ घातली. ते पुढे कलंडले, हात टेकून परत बसले. त्यांच्या बरगड्यांवर काठ्या पडत होत्या आणि ते प्रत्येक काठीला फक्त श्वास सोडत होते. एक बाई ट्रॉलीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. माती मुठीत घेत होती आणि सोडत होती.

"पोरीचं मला माहीत नाही," नाना म्हणाले. "गाडी माझी आहे."

मी ओरडले. "नाना!"

काही माना वळल्या. एकानं येऊन माझ्या हेल्मेटखालून आलेली वेणी धरली आणि मनगटाला गुंडाळली.

"ही कोन? ए, कोन गं तू ह्येची?"

नानांनी मान वर केली. उघड्या असलेल्या एका डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटेवरच्या कुठल्याही बाईकडे पाहावं तसं. त्या नजरेत काहीच नव्हतं.

"कोण आहेत या बाई?" ते म्हणाले. "मी नाही ओळखत."

"नाना, मी..."

"ताई, कोण तुम्ही? कुणाला हाक मारताय?" त्यांचा आवाज स्पष्ट होता, चढलेला होता. "तुमच्या वाटेनं जा. अर्धा चोक ओढा, पुरा नको. सरळ जा. मागं वळून बघू नका, आरशात बघा."

कुणीतरी हसलं. "बरळाय लागलंय म्हातारं. टाळक्यात बसलीया."

"तिचा नाना असंल दुसरा," वेणी धरलेला म्हणाला आणि त्यानं हात सोडला. "जा बाई. हितं बघन्यासारखं न्हाई."

मी गाडीवर बसले. खुंटी ओढली, किक मारली, गाडी लागली. वळवली. आरशात मला पाठी पुन्हा एकमेकींना भिडताना दिसल्या आणि मग नाना दिसेनासे झाले.

हमरस्त्यावरच्या चौकीतून पोलीस घेऊन आले तेव्हा गर्दी पांगलेली होती. गाडीचा नुसता सांगाडा धुमसत होता. नाना कुशीवर पडले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटापाशी उघडा पडला होता. ऊस तोडायच्या कोयत्याचा घाव होता, एकच. हाड दिसत होतं. ती बाई त्यांच्या शेजारी बसली होती आणि तिनं स्वतःच्या पदरानं तो हात घट्ट बांधून धरला होता. आम्हाला बघून ती उठून उसात गेली.

हात राहिला, पण बोटं गेली. म्हणजे होती, मिटत नव्हती. ॲक्सिलरेटर पिळायचा तोच हात. त्यानंतर नानांनी दुचाकी चालवली नाही. ड्रायव्हिंगच्या शाळेत ते शिकाऊच्या डाव्या बाजूला बसून नुसत्या तोंडानं मोटार शिकवायचे.

दवाखान्यात ते शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारलं. "गाडी माझी आहे असं का म्हणालात? मला ओळखत नाही असं का म्हणालात?"

"म्हणालो?" ते छताकडे बघत म्हणाले. "पहिलाच दगड डोक्यात बसला गं. पुढचं काही आठवत नाही."

मला वाचवायला म्हणाले असतील, हे मलाही सुचलं होतं. मी तसं बोललेही.

"नाही गं. खोटं कशाला सांगू? खरंच ओळखलं नाही तुला," ते म्हणाले, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. डोक्याला असा मार लागला की माणसं अशी बोलतात, म्हणाले.  जन्मदात्यानं अशा वेळी आपल्याला ओळखू नये, याचं मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मी बरीच वर्षं सांभाळलं.

रणधीरवर खटला झाला. त्याचं काय झालं हे सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. दुसरा खटला वाडीतल्या माणसांवर होता, आणि त्यात मुख्य आरोपी मुलीचा बाप होता, महादेव. कोयता त्याचाच, हे सगळे जाणून होते, पण कोर्टाला डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा होता. मी पाठी पाहिल्या होत्या. चेहरा पाहिला होता तो फक्त नानांनी.

नाना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. लुळा हात त्यांनी कठड्यावर ठेवला होता. महादेव समोर होता, टोपी हातात घेऊन. ज्यानं त्यांच्या हातावर कोयता घातला त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"ओळखता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही."

"नीट बघून सांगा."

"साहेब, पहिल्या दगडालाच माझी शुद्ध हरपली होती. पोटच्या पोरीला ओळखलं नाही मी. तिलाच विचारा. तिला ओळखलं नाही, तो मी या माणसाला काय ओळखणार?"

मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. हो, वडिलांनी मला ओळखलं नाही.

महादेव सुटला. आणखी चौघे सुटले. घरी येताना एस.टी.त मी नानांशी भांडले. "तुमच्या हाताचं काय? तुमच्या शाळेचं काय?"

"आठवतच नाही तर काय करू," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "भूक लागलीय. विट्याला उतरून भजी खाऊ या."

या हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले. दिवसपाणी आटोपल्यावर मी मागची शेड रिकामी करायला घेतली. माझी जुनी गाडी तिथंच होती. नानांनी ती कधी विकू दिली नाही. दर रविवारी शेजारच्या कुणाला तरी चालू करायला लावायचे. नळाजवळ उभे राहून सूचना द्यायचे.

गॅरेजवाले मुल्लाणी गाडी बघायला आले. त्यांनी पेट्रोल घालून, पूर्ण चोक देऊन ती चालू केली, गल्लीत एक चक्कर मारून आले आणि दारात बंद केली. मग पुन्हा किक मारायला लागले. लागेना. मी पायरीवर बसले होते. हातात नानांच्या चष्म्याची डबी होती.

"अर्धा चोक ओढा," मी म्हटलं. "पुरा नको."

"ताई, इंजिन तापलेलंय की. आत्ता चक्कर मारून आलो."

"तरी लागतो."

त्यांनी खुंटी ओढली. पहिल्या किकेला गाडी लागली. मुल्लाणी हसले. "कमाल आहे. ही खोड घरच्याशिवाय कुणाला कळायची नाही. बाहेरचा माणूस किक मारून मारून मरेल."

मी डबी पायरीवर ठेवली.

माझ्या कानात इतकी वर्षं एकच वाक्य राहिलं होतं. मी नाही ओळखत. कोर्टातही मी तेवढंच सांगितलं होतं, लोकांनाही तेवढंच सांगत आले. पुढचं माझ्या हातांनी ऐकलं होतं आणि करून टाकलं होतं.

डोक्यात दगड बसलेला, पोटची पोर न ओळखणारा माणूस, समोरच्या परक्या बाईची तापलेली गाडी बंद पडली आहे हे बघतो. तिला चोक किती लागतो, हे त्याला माहीत असतं. कुणाची गाडी, कुठनं आणलीस, सोबत कोण, या प्रत्येक प्रश्नाचं बोट कुठल्या व्हरांड्याकडे जातंय आणि तिथं रिवाजाप्रमाणे कोणाला बसवून आलोय, हेही त्याला माहीत असतं. आणि पुढं दीड वर्षानं, लुळा हात कठड्यावर ठेवून, टोपी हातात घेतलेल्या एका बापाकडे तो बराच वेळ बघतो, तेव्हाही त्याला सगळं माहीत असतं.

"ताई," मुल्लाणी म्हणाले, "घेऊन जाऊ ना मग?"

चालू गाडी धूर सोडत होती. त्यांनी ओढलेली खुंटी परत आत ढकलली नव्हती. इंजिन घुसमटायला लागलं होतं, आता मरणार होतं. मी उठून गेले, खाली वाकले आणि चोक आत ढकलला. गाडीचा श्वास मोकळा झाला. मी हात तिथंच ठेवला, इंजिनाची धग लागेपर्यंत.